बॅजरचा दिवस सूर्यास्तापासून मोजा: ब्रिटनमधल्या नवख्या निरीक्षकांसाठी

बॅजर हा बिळात राहणारा निशाचर प्राणी किती वाजता बाहेर येतो, हा नवख्यांचा ठरलेला प्रश्न. त्याला घड्याळातली वेळ सांगून मोकळं होणाऱ्यावर विसंबलात, तर संध्याकाळ फुकट गेलीच म्हणून समजा. लंडनच्या आसपास जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य रात्री ९ वाजून २० मिनिटांनी मावळतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी चारच्याही आत. आपल्याकडे उन्हाळा-हिवाळ्यात दिवेलागणीची वेळ तास-सव्वा तासाने सरकते. तिथे ती साडेपाच तासांनी सरकते. बॅजरचं सगळं वेळापत्रक या सरकत्या सूर्यास्ताला बांधलेलं असतं, आणि त्यावर जमिनीतली ओल आणि वर्षातला महिना यांचा परिणाम होत राहतो. या तीन गोष्टी धरून चाललात तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बॅजर दिसायला हरकत नाही.

हा लेख युरोपीय बॅजरबद्दल आणि ब्रिटनपुरता आहे. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी माणसाला घराजवळच्या रानात, बिनखर्चाने पाहता येईल असा हा मोठा वन्य प्राणी. पूर्ण वाढलेला बॅजर शेपटी धरून ८५-९० सेंटिमीटर लांब असतो. वजन वसंतात ८-९ किलो आणि शरद ऋतूत ११-१२ किलो. पाय आखूड, अंग करडं, पांढऱ्या तोंडावर डोळ्यांवरून कानांपर्यंत जाणारे दोन काळे पट्टे. एकदा पाहिल्यावर दुसरं काही वाटूच शकत नाही.

पायरी १: आधी रात्रीचा साचा डोक्यात बसवा

बॅजर दिवसभर जमिनीखाली झोपतो. संध्याकाळी उठल्यावर तो लगेच चरायला निघत नाही. आधी बिळाच्या तोंडाशी थांबून हुंगतो, मग बाहेर येऊन खाजवणं आणि अंग साफ करणं चालतं. पिल्लं असतील तर त्यांचा दंगा सुरू होतो. हा टप्पा कधी पाच मिनिटांत उरकतो, कधी तासभर चालतो. त्यानंतर एकेक जण आपापल्या वाटेने निघून जातो. बॅजर राहतात टोळीने, साधारण पाच-सहा मोठे प्राणी एका ठिकाणी, पण चरतात मात्र एकेकटे. मध्यरात्रीनंतर काही जण घरी येऊन थोडे विसावतात आणि पुन्हा बाहेर पडतात. बहुतेक सगळे उजाडायच्या आत परततात. जूनमध्ये सूर्य पावणेपाचला उगवतो, म्हणजे चारच्या सुमारास घरात.

नवख्याच्या उपयोगाचा टप्पा तो संध्याकाळचा. बाहेर पडण्याची जागा ठरलेली, उजेड थोडा शिल्लक, आणि प्राणी निवांत. पहाटेची परत येण्याची वेळ तितकीच ठरलेली नसते. शिवाय तेव्हा बॅजर मागच्या बाजूने येतो, तुमचा वास त्याला आधीच लागलेला असतो, आणि अशा वेळी तो सरळ बिळात घुसतो.

जमिनीच्या ओलीचं काय? ब्रिटनमधल्या बॅजरचं मुख्य अन्न म्हणजे गांडुळं. १९७०च्या दशकात ऑक्सफर्डजवळच्या वायथम वुड्स या रानात प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी केलेल्या अभ्यासातून हे नातं नीट पुढे आलं. उबदार, ओलसर, वारा पडलेल्या रात्री गांडुळं आखूड गवताच्या कुरणावर वर येतात आणि बॅजर एका रात्रीत शेकडो गांडुळं मटकावतो. पाऊस पडून गेलेल्या अशा संध्याकाळी तो बिळापाशी रेंगाळत नाही, दोन मिनिटांत कुरणाकडे निघतो. उलट आठ-पंधरा दिवस कोरडे गेले की गांडुळं खोल जातात, पोट भरायला जास्त वेळ लागतो, आणि तो सूर्यास्ताच्या आधीच बाहेर येतो. मग गव्हाची कणसं, मक्याची कोवळी कणसं, गांधीलमाश्यांची पोळी, गळालेली सफरचंदं, ब्लॅकबेरी, कंदमुळं, मिळेल ते चालतं. तेव्हा निरीक्षणाला कोरड्या आठवड्यातली संध्याकाळ धरा. ‘पाऊस थांबला, चला जाऊ’ हा उत्साह इथे उलटा पडतो.

पायरी २: सेट शोधा आणि ओळखा

बॅजरच्या बिळांच्या वसाहतीला तिथे ‘सेट’ म्हणतात. एका टोळीचा एक मुख्य सेट असतो. तो पिढ्यानपिढ्या वापरात असतो, काही तर शतकानुशतकं. त्याला अनेक तोंडं असतात. त्याखेरीज जवळच जोडसेट, आणि हद्दीत इकडेतिकडे एक-दोन तोंडांची सुटी बिळं. पूर्ण मोजल्या गेलेल्या एका मोठ्या सेटमध्ये जवळपास ८८० मीटर बोगदे आणि ५० खोल्या निघाल्या होत्या. तुम्हाला हवा आहे मुख्य सेट. सुट्या बिळात आज कोणी असेल, उद्या नसेल.

जागा बहुधा अशी असते: रानाची किंवा जाड कुंपणझाडीची कड, उताराची जमीन, खणायला सोपी पण न ढासळणारी माती, आणि समोर चराऊ कुरण. सखल, पाणी साचणाऱ्या जागी शोधत बसू नका. शोधायला उत्तम काळ मार्च. तेव्हा झाडोरा खाली बसलेला असतो आणि बॅजरच्या पायवाटा व मातीचे ढीग लांबून दिसतात. जूनमध्ये तीच जागा नेच्याच्या आणि खाजकुयलीसारख्या डसणाऱ्या नेटलच्या गचपणात बुडालेली असते.

बिळाचं तोंड पाहा. बॅजरचं तोंड उंचीपेक्षा रुंद असतं: सपाट तळ, वर कमान, रुंदी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर. कोल्ह्याचं तोंड रुंदीपेक्षा उंच असतं, त्याला उग्र वास येतो आणि बाहेर पिसं-हाडं पडलेली असतात. सशाचं बीळ या दोन्हींपेक्षा बरंच लहान. बॅजरच्या तोंडासमोर मातीचा मोठा ढिगारा असतो, कधीकधी घमेलीच्या घमेली माती, आणि तिच्यात जुनं सुकलेलं गवत मिसळलेलं. मातीत गवत दिसलं की खात्री अर्ध्याहून जास्त झाली. कोल्हा अंथरूण घालत नाही.

उरलेली खात्री केसाने होते. ढिगाऱ्यात किंवा जवळच्या काटेरी तारेच्या खालच्या पदरावर राठ केस सापडेल. बुडाशी पांढरा, टोकाच्या अलीकडे काळा पट्टा, टोक पुन्हा पांढरं. चिमटीत धरून अंगठा-तर्जनीत फिरवून पाहा. तो गोल नसून चपटा असल्यामुळे सहज फिरत नाही, अडखळत अडखळत फिरतो. कुत्र्याचा केस गुळगुळीत फिरतो.

पायरी ३: सेट नांदता आहे का ते पाहा

रिकाम्या सेटपुढे चार संध्याकाळी काढणं हा नवख्यांचा नेहमीचा अनुभव. दिवसाउजेडी, दुपारी, एकदा जाऊन पाच मिनिटांत या खुणा तपासा आणि निघा:

- तोंडाची माती ताजी, ओलसर, मोकळी आहे का? कोळ्याचं जाळं, साचलेली पानं, वाढलेलं गवत दिसलं तर ते तोंड सध्या बंद समजा. पण एका तोंडावरून सगळा सेट रिकामा ठरवू नका.
- ढिगाऱ्यावर पावलांचे ठसे आहेत का? रुंद, वृक्काकार तळवा, त्यापुढे जवळपास एका रेषेत पाच बोटं आणि बरीच पुढे नखांची टोकं. कुत्रा आणि कोल्हा यांची चारच बोटं उमटतात.
- आसपास उथळ खड्ड्यांत उघडीच विष्ठा आहे का? बॅजर ती झाकत नाही. गांडुळांवर असला तर ती काळपट, चिखलासारखी. उन्हाळाअखेर जांभळट किंवा गव्हाचे दाणे असलेली.
- वाटेवर किंवा तोंडाशी ताज्या गवताची, ब्लूबेल या रानफुलाच्या पातीची गळती आहे का? म्हणजे एक-दोन रात्रींत अंथरूण आत नेलेलं आहे.

तोंडावर काटक्या आडव्या ठेवून सकाळी त्या हलल्या का पाहायची एक जुनी रीत आहे. नवख्याने ती करू नये. त्याचं कारण पुढच्या पायरीत.

पायरी ४: कायदा आणि परवानगी

ब्रिटनमध्ये १९९२चा बॅजर संरक्षण कायदा आहे. बॅजरला मारणं किंवा पकडणं तर गुन्हा आहेच, पण सेटची मोडतोड करणं, त्याचं तोंड अडवणं, आत कुत्रा सोडणं आणि सेटमध्ये असलेल्या बॅजरला त्रास देणं हेही गुन्हे आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि अमर्याद दंड होऊ शकतो. लांब गप्प बसून पाहण्याला काहीच आडकाठी नाही. फांदी सारायची, तोंडासमोरचं गवत कापायचं, बिळात टॉर्च मारायचा, हे मात्र नाही.

जमीन कोणाची, हा वेगळा प्रश्न. इंग्लंडमध्ये सार्वजनिक पायवाटेवरून चालण्याचा हक्क असतो, वाट सोडून रानात शिरण्याचा नाही. शेतकऱ्याला विचारा, बहुतेक जण हो म्हणतात, आणि कोणत्या बांधाला बॅजर आहेत हेही सांगतात. स्कॉटलंडमध्ये २००३च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने बहुतेक ठिकाणी हिंडण्याची मुभा आहे, तरीही घरापाशी असेल तर सांगून जावं. स्थानिक बॅजर ग्रुप गाठलात तर सगळ्यात बरं. इंग्लंड-वेल्समधले असे ग्रुप बॅजर ट्रस्टशी जोडलेले आहेत, स्कॉटलंडमध्ये स्कॉटिश बॅजर्स ही संस्था आहे.

आणि एक कळकळीची विनंती: सेटची जागा फेसबुकवर, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. फोटोतली जीपीएस नोंदही काढून टाका. कुत्री सोडून बॅजर मारण्याचा रानटी ‘खेळ’ तिथे अजून चोरून चालतो, आणि तसल्या लोकांना नेमकी हीच माहिती हवी असते. कुत्री आणि फावडी घेतलेली माणसं सेटवर दिसली तर पुढे जाऊन हटकू नका. लांबूनच ९९९ला फोन करा. प्रकार घडून गेला असेल तर १०१. गाडीचा नंबर टिपता आला तर टिपा.

पायरी ५: बसायची जागा, वारा आणि कपडे

बॅजरची नजर अधू, कान चांगले, नाक जबरदस्त. म्हणून जागा निवडताना पहिला विचार वाऱ्याचा. वारा सेटकडून तुमच्याकडे यायला हवा. चिमूटभर टाल्कम पावडर किंवा गवताचा सुका तुरा हवेत सोडून पाहा, आणि बसल्यावर पुन्हा पाहा, कारण उतारावर संध्याकाळी गारवा पडला की हवा उताराने खाली वाहू लागते. दुपारी बरोबर वाटलेली जागा त्यामुळे दिवेलागणीला चुकीची ठरते. वारा उलटला तर मुकाट्याने उठून घरी जा. जागा बदलायला सेटला वळसा घातलात तर वाटांवर तुमचा वास पसरतो आणि पुढच्या दोन संध्याकाळीही बिघडतात.

अंतर १० ते १५ मीटर. पाठीमागे झाडाचं खोड असू द्या म्हणजे आकाशावर तुमची आकृती उमटत नाही. बॅजरला तपशील दिसत नसला तरी उजळ आभाळावर हललेलं डोकं बरोबर दिसतं. बॅजरच्या पायवाटेवर बसू नका. घडीचं छोटं स्टूल न्या, कारण मांडी घालून दीड तास न हलता बसणं वाटतं तितकं सोपं नाही.

कपडे गडद आणि न सळसळणारे: लोकर, फ्लीस, सुती. नायलॉनचं पावसाळी जॅकेट हात हलवला की कुरकुरतं, आणि तो आवाज रानाच्या शांततेत पंधरा मीटर सहज जातो. वासाची काळजी आपल्या घरांत जरा जास्तच घ्यावी लागते. स्वयंपाकघराजवळ टांगलेल्या कोटात हिंगाची-लसणाची फोडणी मुरलेली असते. डोक्याला खोबरेल, अंगाला अत्तर, देवघरातल्या उदबत्तीचा वास, हे सगळं बॅजरच्या नाकाला परकं. रानासाठी एक जोड वेगळा ठेवा आणि तो बाहेर हवेशीर वाळवा.

गोचिड्यांसाठी पँट मोज्यांत खोचा आणि घरी आल्यावर गुडघ्याच्या मागे, जांघेत, काखेत तपासा. तिकडच्या गोचिड्यांमधून लाइम आजार होतो. स्कॉटलंडमध्ये बारीक चावऱ्या मिज माश्यांसाठी डोक्यावरून जाळी घ्या, वासाचं मलम नको. टॉर्च लाल काचेचा, तोही फक्त वाट पाहण्यापुरता. लाल उजेडाचं बॅजरला फारसं काही वाटत नाही, पण मोबाइलचा पांढरा पडदा पेटला की खेळ संपला. कुठे जाताय हे घरी सांगून ठेवा, आणि एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जाताना बुटांचे तळ धुवा. गुरांच्या क्षयरोगावरून तिथे शेतकरी आधीच हैराण आहेत.

पायरी ६: संध्याकाळ

मे ते जुलै सूर्यास्ताच्या तासभर आधी जागेवर असा. एप्रिल आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अर्धा तास आधी पुरतं. दोन-तीन माणसांपेक्षा जास्त नकोत, आणि कुत्रा अजिबात नको.

पहिली वीस मिनिटं काहीच घडत नाही. ब्लॅकबर्ड पक्षी ओरडून ओरडून गप्प होतात. मग बिळाच्या काळ्या तोंडात पांढरं काहीतरी दिसतं आणि नाहीसं होतं. हलू नका. थोड्या वेळाने तेच डोकं पुन्हा वर येतं, नाक उंचावतं, डावीकडे-उजवीकडे हवा चाखतं, खाली जातं. असं दोन-तीनदा होईल. सगळं ठीक वाटलं की अंग बाहेर येतं, आणि जनावर ढिगाऱ्यावर ढुंगण टेकून बसतं, पोट वर करून पुढच्या लांब नखांनी खसाखसा खाजवू लागतं. पिसवा आणि उवा यांचा तो त्रास. तो खाजवण्याचा आवाज तुमच्यापर्यंत ऐकू येतो. दुसरा बाहेर आला की ते एकमेकांची मान, पाठ दातांनी विंचरतात, आणि मधूनच एक जण मागे सरकून आपल्या शेपटीखालच्या ग्रंथीचा वास दुसऱ्याच्या अंगावर दाबून लावतो. टोळीचा सामाईक वास असा तयार होतो.

पिल्लं साधारण फेब्रुवारीत जन्मतात आणि आठेक आठवड्यांनी, म्हणजे एप्रिलच्या उत्तरार्धात, पहिल्यांदा बाहेर येतात. मे-जून हा पाहण्याचा सर्वोत्तम काळ, कारण रात्र लहान, भूक मोठी आणि पिल्लांचा धिंगाणा उजेडात चालतो. एडिनबरोकडे जूनमध्ये सूर्य दहाला मावळतो, तिथे तर स्वच्छ उजेडात बॅजर दिसतात.

निघायची घाई करू नका. सगळे चरायला गेले, पंधरा मिनिटं आवाज नाही, असं झालं की हळू उठा. बॅजर बाहेर असताना उठलात तर ते धाडकन आत घुसतात, आणि दुसऱ्या दिवशी उशिरा बाहेर येतात.

शेंगदाणे टाकावेत का, असं हमखास विचारलं जातं. बिनमिठाचे मूठभर टाकल्याने बॅजरचं फार बिघडत नाही, पण तुमची नोंद बिघडते. प्राणी दाण्यांसाठी लवकर येतो, दाण्यांपाशी रेंगाळतो, आणि तुम्ही मोजता ते त्याचं वेळापत्रक राहत नाही, तुमच्या दाण्यांचं होतं. ज्याला लय समजून घ्यायची आहे त्याने टाकू नयेत.

पायरी ७: नोंद

वहीत घड्याळाची वेळ लिहा, पण शेजारी सूर्यास्तापासूनची मिनिटं लिहिल्याशिवाय ती नोंद पुरी समजू नका. सूर्यास्ताआधी उणे, नंतर अधिक. उदाहरणादाखल एक ओळ:

१४ जून. सूर्यास्त २१:२०. पहिलं नाक २०:५१ (उणे २९). पहिला पूर्ण बाहेर २०:५८ (उणे २२), तोंड क्र. ३. एकूण मोठे ३, पिल्लं २. शेवटचा निघाला २१:४५ (अधिक २५). दहा दिवस पाऊस नाही. वारा हलका, नैर्ऋत्येकडून.

पहिलं नाक आणि पहिला पूर्ण बाहेर, या दोन वेगळ्या नोंदी आहेत. त्यांच्यातलं अंतर वाढत गेलं तर सेटवर काहीतरी त्रास आहे, आणि तो त्रास बहुतेक वेळा तुम्हीच असता. बिळाच्या तोंडांना क्रमांक द्या आणि एक कच्चा नकाशा काढा. एकदा-दोनदा पाहून निष्कर्ष काढू नका. आठ-दहा संध्याकाळच्या नोंदी जमल्या की मिनिटांच्या रकान्यात एक कल दिसू लागतो: एप्रिलमध्ये अधिक, जूनमध्ये शून्याकडे किंवा उणे, सप्टेंबरात पुन्हा अधिक. घड्याळाच्या रकान्यात मात्र नुसता गोंधळ दिसतो.

पायरी ८: ट्रेल कॅमेरा

रात्रीचा उरलेला भाग माणसाने पाहण्यासारखा नाही, तो ट्रेल कॅमेऱ्याला, म्हणजे हालचाल होताच आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्याला, द्या. कॅमेरा झाडाला पट्ट्याने बांधा, सेटच्या जमिनीत खुंटी ठोकू नका. उंची गुडघ्याएवढी, ५० सेंटिमीटरच्या आसपास. अंतर ३ ते ५ मीटर. दोन मीटरच्या आत लावलात तर रात्रीच्या इन्फ्रारेड झोतात पांढरं तोंड पार जळून जातं. बिळाच्या तोंडावर थेट न रोखता वाट चौकटीतून तिरकी जाईल असा लावा, कारण सेन्सरला समोरून येणाऱ्यापेक्षा आडवं जाणारं जनावर लवकर कळतं. कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेकडे असेल तर उगवतीच्या-मावळतीच्या उन्हाने खोटे व्हिडिओ निघत नाहीत. ९४० नॅनोमीटरचा अदृश्य झोत निवडा. ८५० नॅनोमीटरवाल्याचा पल्ला मोठा, पण त्याचे दिवे मंद लाल दिसतात आणि माणसांच्याही नजरेत येतात, म्हणजे कॅमेरा चोरीला. व्हिडिओ २० सेकंदांचा, दोन व्हिडिओंमध्ये १० सेकंदांचा खंड. हिवाळ्यात लिथियम सेल वापरा, साधे अल्कलाइन थंडीत लवकर मान टाकतात.

सगळ्यात मोठी चूक असते वेळेची. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. कॅमेऱ्याला हे माहीत नसतं. त्याला वर्षभर ग्रीनिच वेळेवरच ठेवा आणि सूर्यास्ताची वेळही ग्रीनिचमध्येच काढा. नाहीतर ऑक्टोबरअखेर बॅजर एकाएकी तासभर उशिरा उठू लागल्याचा शोध तुम्हालाही लागेल.

दुसरी चूक निष्कर्षाची. एका तोंडावर लावलेला कॅमेरा फक्त त्या तोंडाचं सांगतो. व्हिडिओत १०:३०ला दिसलेला बॅजर नऊलाच पलीकडच्या तोंडातून बाहेर पडून फेरी मारून आलेला असू शकतो. सकाळी परतणारा कोण आणि संध्याकाळी निघालेला कोण, हेही सहसा ओळखता येत नाही. फाटका कान, मानेवरचा व्रण, शेपटीची ठेवण असं काही ठळक असेल तरच. डोकं रुंद म्हणजे नर आणि शेपटी झुबकेदार म्हणजे मादी, हा ठोकताळा बऱ्याचदा चुकतो.

झोपेच्या खुणा

झोप जमिनीखाली, म्हणून ती थेट दिसत नाही, पण बाहेरून बरीच वाचता येते. झोपायच्या खोल्यांत सुकं गवत, नेचा, पानं, पेंढा, ब्लूबेलची पात यांचं जाड अंथरूण असतं. शरदात आणि हिवाळाअखेर, कोरड्या रात्री, अंथरुणाची ने-आण जोरात चालते. ती पाहायला मिळाली तर नशीब: बॅजर पुढच्या पंजांनी गवत ओढून छातीशी गोळा करतो, हनुवटीने दाबून धरतो, आणि तो भारा कवटाळून ढुंगणाच्या बाजूने, उलटा सरपटत वीस-तीस मीटर घरी नेतो. मागे न पाहता नेमका तोंडात शिरतो. अर्धं गवत वाटेत सांडतं, ते तसंच राहतं. ढिगाऱ्यावर जुनं, काळं पडलेलं गवत दिसलं म्हणजे आत साफसफाई झाली.

बॅजर रोज त्याच खोलीत झोपत नाही. अंथरुणात पिसवा वाढतात, म्हणून तो आत खोल्या बदलत राहतो. रोज वेगळ्या तोंडातून बाहेर येण्याचं एक कारण हेही. उन्हाळ्यात तर टोळी विखुरते. काही जण सुट्या बिळांत, क्वचित दाट झुडपातल्या उघड्या घरट्यातही दिवस काढतात. ऑगस्टमध्ये मुख्य सेटवर तीनच दिसले म्हणून बाकीचे मेले असं लिहू नका. थंडी पडली की बहुतेक सगळे मुख्य सेटवर परततात आणि दाटीवाटीने झोपतात.

हिवाळ्याबद्दल एक पक्का गैरसमज: ब्रिटनमध्ये बॅजर शीतनिद्रेत जात नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी तो सुस्तावतो, शरीराचं तापमान काही अंशांनी उतरतं, शरदात साठवलेल्या चरबीवर गुजराण होते. कडाक्याच्या थंडीत काही रात्री तो बाहेरच येत नाही, पण हवा ऊबदार झाली की पुन्हा दिसतो. रशियात आणि उत्तर स्कँडिनेव्हियात मात्र हाच प्राणी महिनोन् महिने आत राहतो. तेव्हा जानेवारीत कॅमेऱ्यात चार रात्री काही आलं नाही तर सेट सोडून गेला असं समजू नका. याच काळात आत पिल्लं जन्मत असतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत सेटजवळ घिरट्या घालूच नयेत.

आणि भारतात?

हे सगळं आपल्याकडच्या चांदी अस्वलाला, म्हणजे रॅटेलला, लावू नका. ते इंग्रजीत ‘हनी बॅजर’ म्हणवतं पण त्याचं रोजचं वागणं वेगळं. त्याला टोळी नाही, पिढीजात सेट नाही. आफ्रिकेत कलहारीमध्ये झालेल्या अभ्यासात ते उन्हाळ्यात रात्री आणि थंडीत दिवसा फिरताना आढळलं, आणि झोपायला बहुधा रोज नवं बीळ. एका ठिकाणी सूर्यास्तापूर्वी स्टूल टाकून त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात ते रात्री वावरतं, फार क्वचित दिसतं, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वस्तीजवळ, शेतात दिसलं तर वाट मोकळी सोडा, कुत्री आवरा आणि वनविभागाला कळवा.